बीआरसीए टेस्ट कुणाची आधी करायची आणि रिपोर्ट घरात कसा सांगायचा

बीआरसीए1 न बीआरसीए2 हे दोन जीन, त्यांच्यात बदल असला की ब्रेस्टच्या न ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बदल शोधायची ही टेस्ट. ब्रेस्ट कॅन्सर आनुवंशिक असायचं प्रमाण शंभरात 5 ते 10 एवढंच, त्यामुळं उगं सगळ्यांनी टेस्टला पळू नका. पण घरात कुणाला चाळिशीच्या आसपास झालाय, किंवा एकीला ब्रेस्टचा न दुसरीला ओव्हरीचा, किंवा एखाद्या पुरुषालाच ब्रेस्टचा झालाय, तर डॉक्टरांकडं विषय काढाच.

जायच्या आधी आजीजवळ बसून तीन पिढ्या लिहून काढा, वडिलांकडच्यापण, कारण हा बदललेला जीन बापाकडूनही येतो आणि हेच लोकांना पटत नाही. जुनी माणसं कॅन्सर म्हणत नाहीत, "पोटात गाठ होती, पाणी झालं न गेली" म्हणतात, ते तसंच्या तसं लिहा, ती ओव्हरीची केस असू शकते.

टेस्ट आधी जिला कॅन्सर झालाय तिची. निरोगी पोरीची आधी केली न निगेटिव्ह आली तर त्यातून फारसं काही कळत नाही बघा. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट चालू असेल तर तिथल्याच डॉक्टरांना विचारा, नाहीतर सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून मुंबईला टाटा हॉस्पिटल, तिथं जेनेटिक काउन्सेलिंग होतं. रक्त द्यायचं, बस्स.

आता खरं अवघड काम. फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथं लगेच कुणीतरी हळदीचा उपाय पाठवतं. सख्ख्या भावंडांना एकेकाला फोन करा, मग असा मेसेज: "ताई, माझ्या रिपोर्टमध्ये बीआरसीए1 मध्ये बदल निघालाय. तुझ्यात असायची शक्यता निम्मी आहे. असला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण तपासणी लवकर सुरू करता येते. रिपोर्ट पाठवते, डॉक्टरांना दाखव." रिपोर्टचं ते पान नीट फोटो काढून पाठवाच, बाकीच्यांची मग तेवढ्याच बदलाची टेस्ट होते, स्वस्तात.

भावालापण सांगा, त्याच्याकडून त्याच्या पोरींकडं जाऊ शकतो, आणि बीआरसीए2 असेल तर त्याला स्वतःला प्रोस्टेटची काळजी घ्यावी लागते. लहान लेकरांची टेस्ट नको, 18 नंतर त्यांचं ते ठरवतील. "पोरीचं लग्न जमायचंय, गप बस" असं काकू म्हणणारच, तर पाव्हण्यांना सांगू नका पण पोरीला तरी सांगा की, शरीर तिचं आहे. कुणी टेस्ट नको म्हणालं तर मागं लागू नका.

आणि रिपोर्टमध्ये व्हीयूएस लिहिलं असेल तर अजून अर्थ न लागलेला बदल, त्यावरून ऑपरेशन वगैरे ठरवायचं नाही, वर्षा-दोन वर्षांनी परत विचारायचं.