बटन दाबलं की भलतंच होतंय? या चुका टाळा

एका वेबपेजवरच्या लांबलचक फॉर्ममध्ये मी ‘आणखी एक ओळ’ असं बटन टाकलं होतं. दाबलं की खाली नवी ओळ यायला हवी. ती यायची, क्षणभर दिसायची, आणि पान रिफ्रेश होऊन भरलेलं सगळं पुसलं जायचं. अर्धा दिवस मी जावास्क्रिप्ट उलटीपालटी करत बसलो. चूक तिथे नव्हतीच. एचटीएमएलमधल्या बटन टॅगला टाइप हा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) मी लिहिला नव्हता, आणि फॉर्मच्या आत टाइप न लिहिलेलं साधं बटन सबमिट बटनच, म्हणजे फॉर्म पाठवणारं बटन, ठरतं.

टाइपला तीन व्हॅल्यू चालतात: सबमिट, रीसेट आणि बटन. फॉर्म पाठवायचा नसेल तिथे ‘बटन’ ही व्हॅल्यू न चुकता लिहा. (रीसेटच्या वाटेला शक्यतो जाऊच नका. ते मुद्दाम दाबणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, चुकून दाबणारे पुष्कळ.)

याच चुकीचं दुसरं रूप पटकन लक्षात येत नाही. नावाच्या रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटन शोधतो आणि तेच दाबल्यासारखं करतो. वरच्या बाजूला टाइप न लिहिलेलं ‘फोटो काढून टाका’ हे बटन असेल, तर एंटरसरशी फोटो गायब! माउसने तपासलंत तर हे कधीच दिसणार नाही. म्हणून प्रत्येक फॉर्म एकदा एंटर मारून बघायचा.

बटनाचं नेम ‘सबमिट’ ठेवू नका. तसं ठेवलं की फॉर्म पाठवणारी त्याच नावाची मेथड (फंक्शन) त्या बटनाखाली झाकली जाते आणि ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे चुका दाखवणारी खिडकी, म्हणतो, हे फंक्शनच नाही.

डिसेबल्डला ‘फॉल्स’ लिहून बटन सुरू होत नाही

डिसेबल्ड, म्हणजे बटन बंद करणारा, हा बूलियन ॲट्रिब्यूट आहे: असणं किंवा नसणं एवढंच त्यात मोजलं जातं. तो टॅगमध्ये असला की बटन बंद, मग समोर ‘फॉल्स’ लिहा नाहीतर काहीही. बटन सुरू करायचं तर ॲट्रिब्यूट काढावाच लागतो. उलट, एरिया-डिसेबल्ड (aria-disabled) लावल्याने बटन बंद होत नाही. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘बंद आहे’ असं सांगतो, क्लिक मात्र चालूच राहतो. तो कोडमध्ये आपणच अडवायचा. आणि बटनावर स्वतःचा डिसेबल्ड नसूनही ते दाद देत नसेल, तर बाहेरचा फील्डसेट (फॉर्ममधले रकाने एकत्र बांधणारा टॅग) डिसेबल्ड आहे का ते पाहा.

डिव्ह या साध्या चौकटीच्या टॅगला क्लिक लावून बटन बनवण्याबद्दल इतकंच सांगतो: कीबोर्डवर ते मेलेलं असतं. टॅबने फोकस येत नाही, एंटर-स्पेस चालत नाही. खरं बटन घ्या आणि सीएसएसने हवं तसं सजवा.

कमांड आणि कमांडफॉर

डायलॉग (पानावर उघडणारी छोटी खिडकी) उघडण्या-मिटण्यासाठी आता जावास्क्रिप्टची गरज उरलेली नाही. बटनावर कमांडफॉर (commandfor) या ॲट्रिब्यूटमध्ये डायलॉगचा आयडी आणि कमांड (command) या ॲट्रिब्यूटमध्ये ‘शो-मोडल’ (show-modal) लिहिलं की काम झालं. क्रोममध्ये ही सोय २०२५ साली १३५ व्या आवृत्तीत आली. जुन्या ब्राउझरमध्ये तेच बटन नुसतं शोभेला उरतं, म्हणून पर्यायी कोड जवळ ठेवा.

यात चुकलं तर अडचण अशी, की सगळं मुकाट्याने होतं. कन्सोल कोरा, बटन ढिम्म. मग मी याच क्रमाने पाहतो. आयडीच्या आधी हॅश (#) लिहिलाय का? सीएसएसच्या सवयीने बोटं तो टाकतातच, इथे मात्र नुसता आयडी लागतो. कमांड लिंकवर किंवा इनपुटवर लावली आहे का? ती फक्त बटन टॅगवरच चालते. ‘शो-मोडल’ डिव्हवर सोडलंय का? ते डायलॉगसाठीच आहे. डिव्ह उघडायचा असेल तर त्याला पॉपओव्हर (पानावर तरंगणारी चौकट बनवणारा) ॲट्रिब्यूट द्या आणि कमांडमध्ये ‘शो-पॉपओव्हर’ लिहा.

आणि पुन्हा टाइप! बटन फॉर्मच्या आत असेल आणि टाइप ‘सबमिट’ असेल, तर फॉर्म जातो, कमांड बाजूलाच राहते. कमांड असलेल्या बटनाला टाइप लिहिलाच नसेल, तर नवा ब्राउझर काहीच करत नाही आणि जुना फॉर्म पाठवून मोकळा होतो. तेव्हा इथेही टाइप ‘बटन’च हवा.

स्वतःची कमांड करायची असेल तर नावाची सुरुवात दोन हायफनने करावी लागते. एकच हायफन दिला तर ब्राउझर ती ओळखत नाही आणि इव्हेंट, म्हणजे बटन दाबल्याची कोडला मिळणारी सूचना, येतच नाही. हायफन बरोबर असूनही इव्हेंट हाती लागत नसेल, तर लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) कुठे लावलाय ते बघा. कमांड इव्हेंट बबल होत नाही, म्हणजे आतल्या एलिमेंटवरून बाहेरच्यांकडे वर चढत नाही, त्यामुळे डॉक्युमेंटवर बसवलेल्या नेहमीच्या लिसनरला त्याचा पत्ताच लागत नाही. कमांडफॉरमध्ये ज्याचा आयडी दिलाय, लिसनर त्याच एलिमेंटवर लावा.