अनेक पायऱ्यांच्या अभिक्रियेचा एकूण दर कसा काढायचा?

बारावीची बरीच मुलं एक शॉर्टकट मारतात: संतुलित समीकरणातले आकडे उचलायचे आणि रेट लॉमध्ये (दर आणि संहती, म्हणजे मिश्रणातलं पदार्थाचं प्रमाण, यांचं नातं सांगणारं सूत्र) घात म्हणून टाकायचे. सीईटीत मार्क जातात ते इथेच. हा शॉर्टकट फक्त एकाच पायरीत उरकणाऱ्या अभिक्रियेला चालतो.

स्वारगेटच्या सिग्नलला उभ्या गाड्यांच्या धुरात नायट्रिक ऑक्साइड (एनओ) असतो. ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचा तपकिरी एनओटू होतो: २ एनओ + ओटू → २ एनओटू. तीन रेणू एकाच क्षणी एकमेकांवर आदळणं फार दुर्मीळ, म्हणून पुस्तकं दोन पायऱ्या देतात:

एनओ + एनओ ⇌ एनटूओटू (झटपट)
एनटूओटू + ओटू → २ एनओटू (संथ)

आधी पायऱ्यांची बेरीज करा. एनटूओटू दोन्ही बाजूंनी कटून मूळ समीकरण उरायला हवं. नाही उरलं तर पुढे जाऊच नका.

मग संथ पायरी धरा, एकूण दर तीच ठरवते. पायरी मूलभूत, म्हणजे एकाच टकरीत उरकणारी, असल्यामुळे इथे मात्र आकडे थेट वापरता येतात: दर = के२ [एनटूओटू] [ओटू]. इथे के२ हा या पायरीचा दर स्थिरांक, आणि चौकटी कंस म्हणजे संहती.

हे अंतिम उत्तर नव्हे! एनटूओटू मध्येच तयार होतो आणि मध्येच संपतो, त्याची संहती आपल्या हातात नसते. तो घालवायचा कसा? पहिली पायरी समतोलात आहे, म्हणून [एनटूओटू] = स [एनओ]², इथे स हा समतोल स्थिरांक. ही किंमत वर भरा:

दर = के२ स [एनओ]² [ओटू]

म्हणजे एनओ निम्मा केला की दर चौथाईवर येतो. आणखी एक सुंदर गोष्ट: ही अभिक्रिया तापवली की मंदावते. पहिली पायरी उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी), त्यामुळे तापमान वाढलं की स घटतो, आणि के२ची वाढ ती घट भरून काढू शकत नाही. एका पायरीच्या साध्या चित्रात याचा उलगडा होत नाही.

इथे घात मूळ समीकरणाशी जुळले, पण त्यावर विसंबू नका. एनओटू + सीओ → एनओ + सीओटू या अभिक्रियेचा दर सुमारे २२५ अंश सेल्सिअसखाली के [एनओटू]² असतो. संथ पहिल्या पायरीत एनओटूचेच दोन रेणू भिडतात, म्हणून सीओ दरात दिसतच नाही.

सरावाला ओझोन घ्या. ओथ्री ⇌ ओटू + ओ झटपट, ओ + ओथ्री → २ ओटू संथ. उत्तरात [ओथ्री]² वर आणि [ओटू] छेदात आला, तर पद्धत बरोबर बसली.