शाळेच्या पैशाच्या तारखा: इंग्लंडमधल्या शाळेच्या ऑफिसात नव्याने लागलेल्यांसाठी

इंग्लंडमधल्या शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तारखांचा लांबलचक तक्ता मेलवर पाठवतं. तो पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. आधी एवढंच विचारा: आपली शाळा कौन्सिलची, म्हणजे मेंटेन्ड, की अकॅडमी, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो ती? पैसा दोन्हीकडे सरकारचाच. पण मेंटेन्ड शाळेचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च चालतं आणि अकॅडमीचं १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. अर्ध्या तारखा इथेच वेगळ्या होतात.

मी आधी मेंटेन्ड प्राथमिक शाळेत होते, आता एका ट्रस्टच्या अकॅडमीत बिझनेस मॅनेजर आहे. ओळखीतल्या दोघी-तिघींना शाळांत ऑफिसची कामं लागली आणि सगळ्यांचे प्रश्न सारखेच निघाले, म्हणून हे लिहायला घेतलं. जाता जाता एक: आधीच्या माणसाने ठेवलेल्या नोट्समध्ये जागोजागी ‘ईएसएफए’ दिसेल. शाळांना सरकारी पैसा देणारी ती संस्था ३१ मार्च २०२५ला बंद झाली. तिचं काम आता थेट शिक्षण खातं, म्हणजे डीएफई बघतं.

सगळ्यात मोठी तारीख कुठली, तर ऑक्टोबरचा पहिला गुरुवार. शरद सत्राच्या स्कूल सेन्ससचा, म्हणजे पटावरच्या मुलांच्या सरकारी मोजणीचा दिवस. सेन्सस वर्षातून तीनदा होतो: ऑक्टोबरचा पहिला गुरुवार, जानेवारीचा तिसरा, मे महिन्याचा तिसरा. पण शाळेचं पोट भरतं ते ऑक्टोबरच्या आकड्यावर. त्या दिवशी पटावर जितकी मुलं, तितक्यांचे पैसे मेंटेन्ड शाळेला पुढच्या एप्रिलपासून आणि अकॅडमीला पुढच्या सप्टेंबरपासून मिळतात. २०२५ मध्ये हा गुरुवार २ ऑक्टोबरला होता. समजा, एक मूल त्यानंतरच्या सोमवारी, ६ ऑक्टोबरला दाखल झालं. ते मोजलं जाणार थेट ऑक्टोबर २०२६ मध्ये, आणि त्याचे पैसे येणार मेंटेन्ड शाळेला एप्रिल २०२७ पासून, अकॅडमीला सप्टेंबर २०२७ पासून. तोवर त्याला शिकवायचं ते आहे त्याच पैशात.

म्हणून सेन्ससची तयारी ऑक्टोबरमध्ये नाही, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. नव्या मुलांची नावं सिस्टीमवर चढली का, जन्मतारखा दाखल्याशी जुळतात का, कुणाचं नाव अजून जुन्या शाळेच्या पटावर अडकलंय का, हे एकेक वर्ग घेऊन बघा. सुट्टीत परदेशी गेलेलं आणि अजून न परतलेलं मूल दरवर्षी असतंच. त्याचं नाव आपल्या मर्जीने पटावरून काढता येत नाही, आणि मूल खरंच दुसरीकडे गेलं असेल तर ठेवताही येत नाही. फोन, मेल, मग कौन्सिलकडे चौकशी, या सगळ्याला आठवडे जातात. शाळेची सिस्टीम सिम्स असो, आर्बर असो की ब्रॉमकॉम, सेन्ससची चाचणी फाईल आधी काढून बघता येते. सप्टेंबरच्या मध्यावर ती एकदा काढाच. चुकांची यादी पाहून पोटात गोळा येईल, पण निम्म्या चुका एकाच चुकीच्या कोडच्या असतात.

त्या गुरुवारी जेवणही मोजलं जातं. रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग), पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांना २०१४ पासून शाळेचं जेवण मोफत आहे. त्याचे पैसे ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सेन्ससच्या दिवशी किती लहानग्यांनी शाळेत जेवण घेतलं, यावर ठरतात. २०२५-२६ चा दर एका जेवणाला २ पौंड ६१ पेन्स, आणि वर्षाचे १९० दिवस धरतात. म्हणजे एका मुलामागे सुमारे ४९६ पौंड. म्हणूनच बऱ्याच शाळांत शुक्रवारचे फिश अँड चिप्स त्या आठवड्यात गुरुवारी सरकतात, आणि ‘उद्या डबा नको, शाळेतच जेवू द्या’ असे मेसेज पालकांना जातात. हसू येतं, पण स्वयंपाकघराशी दोन आठवडे आधी बोलून ठेवा. वर्गाची सहल त्या दिवशी ठेवू नये, हेही शिक्षकांना जुलैतच सांगून टाका.

मात्र या मोफत जेवणामुळेच एक मोठी रक्कम हातची जाते. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलासाठी शाळेला प्युपिल प्रीमियम मिळतो: २०२५-२६ साठी प्राथमिकला १,५१५ पौंड, माध्यमिकला १,०७५. मूल गेल्या सहा वर्षांत कधीही पात्र ठरलेलं असलं तरी चालतं, आणि मोजणी ऑक्टोबरच्या सेन्ससचीच. पण त्यासाठी पालकांनी मोफत जेवणाचा अर्ज केलेला हवा. रिसेप्शनच्या पालकांना वाटतं, जेवण तर मिळतंच आहे. आमच्या खिडकीशी एक आई मराठीत म्हणाली, “अहो ताई, फुकट जेवतोय की तो. मग हा फॉर्म कशाला?” मी म्हटलं, “जेवणासाठी नाही हो. तुम्ही सही केलीत तर त्याच्या नावाने शाळेला जास्तीचे पैसे येतात. तुमचा एक पेन्सही जात नाही, आणि वर्गात कुणाला कळतही नाही.” तिथेच उभ्याने फॉर्म भरून दिला त्यांनी. लागतं काय, तर नाव, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. बहुतेक वेळा तपासणी ऑनलाइन लगेच होते. हा फॉर्म प्रवेशाच्या कागदांतच घालून ठेवा, जूनमध्ये. आणि व्हिसावर सरकारी मदत न मिळण्याचा शेरा असलेल्या कुटुंबांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत जेवण मिळू शकतं. आपल्याकडचे लोक हे गृहीतच धरत नाहीत, विचारतही नाहीत. तुम्हीच विचारा.

आता तारखा पाळायच्या कशा, ते. तक्त्यावर छापलेली तारीख ही तुमची तारीख नसते. तुमची तारीख असते गव्हर्नरांच्या, म्हणजे शाळेवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या बैठकीची, त्याच्याही आधीची. मेंटेन्ड शाळेला ‘एसएफव्हीएस’ नावाची आर्थिक शिस्तीची तपासयादी कौन्सिलला ३१ मार्चपर्यंत द्यावी लागते, आणि ती आधी गव्हर्निंग बॉडीने मंजूर केलेली हवी. बैठकीचे कागद गव्हर्नरांना पूर्ण सात दिवस आधी मिळाले पाहिजेत, हा नियम. त्याआधी बहुतेक शाळांत फायनान्स कमिटी बसते. त्याआधी हेडला वाचायला वेळ हवा. उलटं मोजत गेलात की फेब्रुवारीच्या हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीला येऊन थांबता. त्यात ईस्टरची सुट्टी. २०२४ मध्ये ३१ मार्चलाच ईस्टर संडे होता. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे गुड फ्रायडे २६ ला. इथेच घोडं पेंड खातं.

माझ्या टेबलामागे वर्षाचा मोठा वॉल प्लॅनर आहे. त्यावर सरकारी तारीख मी पेन्सिलने लिहिते आणि गव्हर्नरांच्या बैठकांचं काम बघणाऱ्या क्लार्ककडून आलेल्या बैठकांच्या तारखा लाल शाईने. पेन्सिलच्या तारखेच्या आधी लाल खूण सापडली नाही, तर ते काम अडकणार हे सप्टेंबरमध्येच कळतं आणि क्लार्कला बैठक हलवायला सांगता येतं. मार्चमध्ये सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

मार्चअखेर मेंटेन्ड शाळेत खरेदीचीही घाई असते. खर्च कुठल्या वर्षात पडणार, हे बिल कधी आलं यावर नाही, माल किंवा काम कधी हातात पडलं यावर ठरतं. म्हणून ऑर्डर फेब्रुवारीतच द्या, आणि डिलिव्हरी नोटवर तारीख घालून सही करायची सवय पुढच्या काउंटरवर बसणाऱ्यांना लावा.

मेंटेन्ड शाळेचा पुढच्या वर्षाच्या पैशाचा वाटा कौन्सिल फेब्रुवारीअखेर कळवते. गव्हर्नरांनी मंजूर केलेलं बजेट मग मे-जूनच्या सुमारास, कौन्सिल सांगेल त्या तारखेला जातं. इथे एक गंमत आहे. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचा, आणि उन्हाळ्यात सोडून जाणाऱ्या शिक्षकांना राजीनामा द्यायची मुदत ३१ मे. म्हणजे कोण जाणार हे कळायच्या आत बजेट लिहायचं. शिवाय शिक्षकांची पगारवाढ १ सप्टेंबरपासून, त्यामुळे एप्रिल-मार्चच्या बजेटमध्ये पाच महिने जुना पगार आणि सात महिने नवा. सपोर्ट स्टाफची वाढ १ एप्रिलपासून लागू, पण वाटाघाटी लांबतात आणि फरक मागाहून एकदम द्यावा लागतो. त्याची रक्कम वेगळ्या ओळीत बाजूला ठेवा, ‘इतर’ मध्ये दडवू नका. गव्हर्नर विचारतात, आणि विचारायलाच हवं.

अकॅडमीत घाईचा मोसम हिवाळ्याचा. वर्ष ऑगस्टअखेर संपलं की ऑडिटर शरदात येतात. तपासलेले हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत डीएफईकडे, ३१ जानेवारीपर्यंत ट्रस्टच्या वेबसाइटवर आणि ३१ मेपर्यंत कंपनीज हाउसकडे, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे. ३१ डिसेंबर दिसायला दूर दिसतो, पण ट्रस्टींच्या सह्या ख्रिसमसच्या सुट्टीआधीच हव्यात. बजेट फोरकास्ट रिटर्न, म्हणजे पुढच्या बजेटचा अंदाज, डीएफईकडे ऑगस्टअखेर जातं. ट्रस्टी ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतात, तेव्हा मंजुरी जुलैच्या बैठकीतच घ्या. ट्रस्टचं ऑफिस बरंच सांभाळतं, पण आकडे तुमच्याकडूनच मागतं.

बाकीच्या तारखा पटकन. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी वर्कफोर्स सेन्सस, म्हणजे कर्मचाऱ्यांची मोजणी. त्याआधी पेरोलमधले कराराचे तास आणि सिस्टीमवरचे तास जुळवून घ्या, नाहीतर दोन दिवस त्यातच जातात. ३१ डिसेंबरपर्यंत प्युपिल प्रीमियम कसा वापरणार याचं निवेदन वेबसाइटवर. प्राथमिक शाळेत खेळाच्या प्रीमियमचा, म्हणजे खेळासाठी मिळणाऱ्या जास्तीच्या पैशाचा अहवाल ३१ जुलैपर्यंत. प्रवेश अर्जांच्या तारखा पालकांच्या असल्या तरी फोन तुम्हालाच येणार: माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर, प्राथमिकसाठी १५ जानेवारी, आणि निकाल अनुक्रमे १ मार्च आणि १६ एप्रिल. शाळेने स्वतःचे प्रवेशाचे नियम २८ फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. बदलायचे असतील तर त्याआधी १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारीच्या दरम्यान किमान सहा आठवडे लोकांचं मत मागवावं लागतं. हे ठरावाने होतं, म्हणजे पुन्हा प्लॅनरवर लाल खूण हवी.

शेवटचं काम जुलैतलं. डीएफई साइन-इन या सरकारी पोर्टलवर शाळेच्या खात्याचा अप्रूव्हर, म्हणजे इतरांना परवानगी देणारा, कोण आहे, ते उघडून बघा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव तिथे राहिलं असेल, तर नव्या माणसाला परवानगी मिळायला दिवस जातात. आणि ते बहुतेक वेळा कळतं ते सेन्सस अपलोड करायला बसल्यावरच.