‘ताई, मेल जायना झालाय’: कारखान्याचा मेल सर्व्हर उभा करताना आणि अडला तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही फौंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपचे मेल सर्व्हर मी सांभाळते. इथं मेल म्हणजे शुभेच्छांची देवाणघेवाण नव्हे. गाड्यांच्या कंपनीचं महिन्याचं शेड्यूल मेलवर येतं, ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन मेलवर येतं, तपासणीचा रिपोर्ट मेलवरच जातो. एक मेल मध्येच अडकला तर जुन्या ड्रॉइंगवर आख्खी हीट (भट्टीतल्या धातूची एक खेप) ओतली जाते आणि माल परत येतो. म्हणून हे काम मनापासून शिकावं असं मला वाटतं. आमच्याकडं डिप्लोमा करून येणाऱ्या पोरापोरींना मी जे पहिल्या आठवड्यात सांगते, तेच इथं लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी की मेल अडला तर आधी लॉग (सर्व्हरनं ठेवलेली कामाची नोंदवही) वाचायचा आणि सेटिंगला हात त्यानंतर लावायचा. समोरच्या सर्व्हरनं मेल का नाकारला हे बहुतेक वेळा तो स्वतःच लिहून देतो. ती ओळ न वाचता तीन ठिकाणी बदल केले की मूळ दुखणं कुठलं आणि आपण नवीन लावलेलं कुठलं, हे नंतर कळत नाही.

जागा आणि नाव

सर्व्हर कारखान्यात ठेवायचा की डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घ्यायचा, हा प्रश्न मालक हमखास विचारतात. माझं मत डेटा सेंटरच्या बाजूनं आहे. शिरोलीत लाईटचा खेळ आहे, वळवाच्या पावसात विजा आहेत, आणि पुराचं वेगळं सांगायला नको. शिवाय घरगुती किंवा साध्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा नंबर) बदलता असतो. असे पत्ते मोठ्या मेल कंपन्या दारातूनच परत पाठवतात. मात्र डेटा सेंटरवाले बाहेर जाणारं पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) पुष्कळदा बंद ठेवतात. पैसे भरण्याआधी ते उघडून मिळेल का, आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड आपल्याला लावून मिळेल का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

पीटीआर म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद. अशा नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, असतात. समजा डोमेन आहे कास्टिंग.उदाहरण आणि सर्व्हरचं नाव मेल.कास्टिंग.उदाहरण. मग या नावाच्या ए रेकॉर्डमध्ये (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आपला आयपी हवा, त्या आयपीच्या पीटीआरमध्ये हेच नाव हवं, आणि पोस्टफिक्स या मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मायहोस्टनेम सेटिंगमध्येही हेच हवं. कारखान्याच्या गेटवर वॉचमन गाडीचा नंबर आणि गेटपास जुळवून बघतो, तशीच ही जुळणी समोरचा सर्व्हर करतो. एमएक्स रेकॉर्डमध्ये (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडं द्यायचा ते सांगणारी नोंद) आयपी टाकायचा नाही, सीनेमही (दुसऱ्या नावाकडं बोट दाखवणारं टोपणनाव) टाकायचा नाही. तिथं ए रेकॉर्ड असलेलं नावच लागतं.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब आयपी पत्ते) चालू असेल तर त्याचाही पीटीआर लावा, नाहीतर पोस्टफिक्सच्या इनेट प्रोटोकॉल्समध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा. काही मेल जातात, काही परत येतात आणि कारण सापडत नाही, अशा तक्रारीच्या मुळाशी मला पुष्कळदा हेच आढळलं आहे.

पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट

पोस्टफिक्स विट्सा व्हेनेमा यांनी लिहिलं आणि ते १९९८ साली खुलं झालं. एवढी वर्षं टिकलेल्या या प्रोग्रॅमच्या मूळ सेटिंग सावध असतात, त्यामुळे कमीत कमी बदला. काय बदललंय ते पोस्टकॉन्फ -एन या कमांडनं दिसतं. चालू स्थितीतलं ते आउटपुट छापून फाईलला लावून ठेवा.

मायनेटवर्क्सकडं नीट बघा. या यादीतल्या यंत्रांना पासवर्डशिवाय जगभर मेल पाठवता येतो. स्कॅनर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन, ईआरपी (हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) यांचे मेल जावेत म्हणून कुणीतरी आख्खं ऑफिसचं नेटवर्क त्यात टाकतं. मग स्टोअरमधल्या एखाद्या पीसीला व्हायरस लागला की तो रात्रभर तुमच्या नावानं स्पॅम पाठवतो. त्या यादीत फक्त लोकलहोस्ट ठेवा आणि बाकी सगळ्यांना पोर्ट ५८७ किंवा ४६५ वर युजरनेम-पासवर्ड देऊन पाठवू द्या. पोर्ट २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधलं दार आहे, तिथं लॉगिन ठेवू नका.

पासवर्ड तपासायचं काम डोव्हकॉट हा मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम करतो. त्याचं सॉकेट (दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती खिडकी) पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमधल्या (रांगेतले मेल ठेवायची जागा) प्रायव्हेट/ऑथ या जागी असावं, मालक पोस्टफिक्स, परवानगी ०६६०. लॉगमध्ये ‘कनेक्ट टू प्रायव्हेट/ऑथ फेल्ड’ दिसलं तर पासवर्ड बदलत बसू नका, सॉकेट बघा. डोव्हकॉटची २.४ ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली आणि २.३ ची कॉन्फिग फाईल तिला चालत नाही. डेबियन १३ या लिनक्स सिस्टिममध्ये २.४ आहे. ऑपरेटिंग सिस्टिम वर न्यायची असेल तर नवी फाईल दुसऱ्या यंत्रावर आधी चालवून बघा, डिस्पॅच चालू असताना करायचं हे काम नाही.

मेलचा आकार हा आमच्याकडचा खास विषय. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १०२४०००० बाइट आहे. जोडलेली फाईल पाठवताना बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) बदलते आणि साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपासच हद्द येते आणि थोडं मोठं ड्रॉइंग परत फिरतं. मेसेज साइज लिमिट मी ३६७००१६० करते, म्हणजे ३५ एमबी. त्यात २५ एमबीची फाईल बसते. मेलबॉक्सची मर्यादा याच्यापेक्षा कमी राहिली तर गाडी तिथं अडेल, तीही बघून घ्या.

तीन नोंदी, ज्यांच्याशिवाय विश्वास नाही

एसपीएफ सांगतं की या डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरून येऊ शकतो. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. डीमार्क सांगतं की ‘फ्रॉम’मध्ये दिसणारं डोमेन या दोन्हींपैकी निदान एकाशी तरी जुळलं पाहिजे, आणि न जुळल्यास काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्या सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं. गुगलकडं दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तर दोन्ही आणि वर डीमार्क लागतं. आपल्या कारखान्याचे मेल तेवढे नसतात, तरी तिन्ही लावा.

एसपीएफमध्ये दोन चुका मला सारख्या दिसतात. जुन्या वेबसाइटवाल्यानं एक नोंद ठेवलेली असते, पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवाला दुसरी वाढवतो. एका डोमेनला दोन एसपीएफ झाले की दोन्ही बाद होतात, ते एकाच ओळीत आणावे लागतात. दुसरी चूक म्हणजे इन्क्लूडची (दुसऱ्याची एसपीएफ नोंद जोडून घेण्याची) माळ. तपासताना डीएनएसच्या १० चौकशांपलीकडं गेलं की नोंद चुकीची धरली जाते.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटची घ्या. तिची टीएक्सटी (डीएनएसमधली मजकुराची) नोंद २५५ अक्षरांहून लांब होते, म्हणून अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहावी लागते. काही डोमेन विक्रेत्यांच्या पॅनेलमध्ये शेवटचा तुकडा गुपचूप कापला जातो. सेव्ह केल्यावर डिग या डीएनएस वाचणाऱ्या कमांडनं परत वाचून अक्षरं ताडून बघा.

डीमार्क सुरुवातीला पी=नन (नुसतं कळवा, कारवाई नको) ठेवा आणि रिपोर्ट येण्यासाठी एक वेगळा पत्ता द्या. रिपोर्टमध्ये आपल्या नावानं कोण कोण पाठवतंय ते कळतं. ईआरपीवाला, कुरिअरचं पोर्टल, एखादी जुनी वेबसाइट असे पाठवणारे तिथं सापडतात. ते सगळे सरळ झाल्यावर क्वारंटाइन (संशयित मेल बाजूला ठेवणं) करा, मग रिजेक्ट. चाचणीसाठी स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिथं तिन्हींपुढं पास दिसलं पाहिजे.

अडलं की काय वाचायचं

फोन येतो, “ताई, मेल जायना झालाय.” मी तीनच गोष्टी विचारते: कुणी पाठवला, कुणाला, किती वाजता. एवढ्यावर मेल.लॉग फाईलमध्ये ओळ सापडते. वेळ बघताना सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे की यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) हे ध्यानात घ्या, साडेपाच तासांच्या फरकानं चुकीची ओळ हाती लागते.

त्या ओळीत स्टेटस असतं. ‘सेंट’ आणि पुढं २५० असेल तर समोरच्या सर्व्हरनं मेल ताब्यात घेतला. इथं तुमचं काम संपलं, आता तो त्यांच्या स्पॅममध्ये किंवा क्वारंटाइनमध्ये आहे. लॉगमधली ती ओळ त्यांच्या आयटी विभागाला पाठवा, त्यातल्या क्यू आयडीवरून (मेलला रांगेत मिळालेल्या नंबरावरून) त्यांना शोधता येतं. ‘डिफर्ड’ आणि ४ नं सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण, पोस्टफिक्स पुन्हा प्रयत्न करेल. ‘ग्रेलिस्टेड’ (अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थोडं थांबवणं) हा शब्द दिसला तर काहीही करू नका, थोड्या वेळानं मेल आपोआप जातो. ‘बाउन्स्ड’ आणि ५ नं सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, पुढचं वाक्य शब्दन् शब्द वाचा.

उशिरा मेल पोचतो अशी तक्रार असेल तर त्याच ओळीतले डिलेजचे चार आकडे बघा. पहिला आकडा मेल रांगेच्या व्यवस्थापकाकडं येईपर्यंतचा, दुसरा रांगेतला, तिसरा डीएनएस, जोडणी आणि टीएलएसचा (जोडणी कुलूपबंद करण्याचा), चौथा प्रत्यक्ष मजकूर देण्याचा. तिसरा फुगला असेल तर दोष नावं शोधण्यात किंवा नेटवर्कात आहे. दुसरा फुगला असेल तर आपल्याच रांगेत गर्दी आहे.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ सगळ्याच ठिकाणांसाठी येत असेल तर बहुधा बाहेरचं पोर्ट २५ बंद आहे. एकाच ठिकाणासाठी असेल तर दोष बहुधा त्यांच्याकडं. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ आपल्याच माणसाला आलं तर त्याच्या आउटलुकमध्ये बाहेर जाणाऱ्या सर्व्हरसाठी लॉगिन चालू केलेलं नसतं. बाहेरून येणाऱ्या मेलला आलं तर आपलं डोमेन पोस्टफिक्सच्या यादीत नाही. एकच डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स या दोन्हींत लिहू नका, पोस्टफिक्स लॉगमध्ये तसा इशारा देतो आणि असलेले पत्तेही सापडेनासे होतात. व्हर्च्युअलच्या फाईलमध्ये बदल केलात तर पोस्टमॅप चालवा, एलियसमध्ये केलात तर न्यूएलियसेस.

‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ येतंय आणि हातानं डिग केलं तर नाव नीट सापडतंय, अशी वेळ येते. डेबियन आणि उबंटूच्या बऱ्याच इन्स्टॉलमध्ये पोस्टफिक्स क्रूटमध्ये (एका फोल्डरात कोंडून) चालतं आणि रिझॉल्व्ह.कॉन्फची (डीएनएसचा पत्ता असलेल्या फाईलची) स्वतःची प्रत स्पूल फोल्डरमध्ये ठेवतं. इंटरनेटची लाईन बदलली, डीएनएसचा पत्ता बदलला, पण ती प्रत जुनीच राहिली. पोस्टफिक्स रीस्टार्ट केलं की प्रत ताजी होते.

येणारे सगळेच मेल अचानक नाकारले जाऊ लागले तर स्पॅमहाउस या स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेची तपासणी बघा. गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर स्पॅमहाउस यादीतलं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चुकीचा वापर दर्शवणारा कोड देतं. पोस्टफिक्समध्ये नेमके कोड लिहिलेले नसतील तर तो त्यालाही ‘यादीत आहे’ असंच समजतो आणि गिऱ्हाइकाची ऑर्डरही परत पाठवतो. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएसची चौकशी करणारा प्रोग्रॅम) बसवा आणि सार्वजनिक डीएनएस काढून टाका.

सकाळी आउटलुक सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तक्रार करतंय, पण लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नवं प्रमाणपत्र तर डिस्कवर आहे? ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, पण डोव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच धरून बसतो. नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये (छोट्या स्क्रिप्टमध्ये) डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्हींचं रीलोड लिहून ठेवा.

रांग एकाएकी हजारोंत गेली तर बहुधा कुणाचा तरी पासवर्ड फुटला आहे. लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम (लॉगिन करणाऱ्याचं नाव) वारंवार कुणाचं येतंय ते शोधा, आधी पासवर्ड बदला, मग फक्त त्याच पत्त्याचे मेल पोस्टसुपर या रांग हाताळणाऱ्या कमांडनं काढा. पोस्टसुपर -डी ऑल देऊ नका, त्यात खरी कोटेशनही जातात.

पुराची तयारी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. ज्यांचा सर्व्हर अजून कारखान्यातच आहे त्यांनी जूनच्या आधी हे करून ठेवावं.

आपला सर्व्हर बंद असला तर पाठवणारे सर्व्हर मेल धरून ठेवतात, पण पोस्टफिक्सची मूळ मुदत ५ दिवसांची आहे, मग मेल परत जातो. पूर त्याहून लांबू शकतो. म्हणून कोल्हापूरबाहेर एक दुय्यम एमएक्स (आपला सर्व्हर बंद असताना मेल सांभाळणारा दुसरा सर्व्हर) ठेवा आणि तिथं मॅक्झिमल क्यू लाइफटाइम १० दिवस करा. त्या सर्व्हरला आपल्या पत्त्यांची पूर्ण यादी रिले रेसिपियंट मॅप्समध्ये द्या. यादी नसेल तर तो वाटेल त्या नावाचा स्पॅम घेतो, नंतर तो खोट्या पाठवणाऱ्यांना परत करत बसतो आणि स्वतःच काळ्या यादीत जातो. नवा माणूस लागला की दोन्हीकडं पत्ता घाला.

पाणी उतरून लाईट आल्यावर आधी सर्व्हरचं घड्याळ आणि डिस्कवरची मोकळी जागा बघा, मग पोस्टफिक्स चेक चालवा, मग बाहेरून एक चाचणी मेल घ्या. तो आला की दुय्यम सर्व्हरवर पोस्टक्यू -एफ (रांगेतले मेल लगेच पाठवायची कमांड) एकदाच द्या. सारखं दिलं तर न जाणारे मेल पुन्हा पुन्हा रांगेत पुढं येतात आणि चांगले मेल मागं पडतात. रांग कुठं तुंबली आहे ते क्यूशेप कमांडनं बघत राहा, आणि डिस्पॅचवाल्यांना सांगा की मेल उलटसुलट क्रमानं येतील, तेव्हा ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर बघूनच फाईल उघडा.