विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची

दोन शहरांमधलं हवाई अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. नेहमीचा जगाचा नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो. त्यामुळे लंडन–न्यूयॉर्क मार्ग उगाचच उत्तरेकडे वाकल्यासारखा वाटतो, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की तोच सर्वांत जवळचा निघतो.

गणितासाठी विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोठ्या शहरांचे विमानतळ शहरापासून बरेच लांब असतात. लंडनचा हीथ्रो: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. न्यूयॉर्कचा जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरायचे. चिन्ह चुकलं की अंतर हजारो किलोमीटरने बिघडतं. इथे रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. बेरीज ०.६४५१ येते. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) ४९.८३ अंश. दर अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे ५,५४० किमी. उत्तर भलतंच आलं तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्या कोन-एककावर आहे का ते आधी बघा. पृथ्वी नेमकी गोल नसल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो, तो सोडून द्या. संकेतस्थळांवरचे आकडे जुळत नसतील तर एकक तपासा: नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा.

प्रत्यक्षात विमान याहून थोडं जास्त उडतं. ठरलेले हवाई मार्ग, वादळं, उतरण्याआधीच्या घिरट्या यांसाठी ३ ते ५ टक्के वाढवा. एखाद्या देशाचं आकाश बंद असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईनासं झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साधारण साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेला.

वेळेसाठी लांब पल्ल्याच्या जेटचा हवेतला वेग ताशी ८९० किमी धरा. खरी गंमत वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांत १०-१२ किमी उंचीवर जेट प्रवाह हा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. पश्चिमेकडे जाताना वेगातून ८० वजा करा. वरची टक्केवारी धरून ५,५४० चे सुमारे ५,७५० किमी होतात: ५,७५० भागिले ८१०, सुमारे ७ तास ६ मिनिटं. धावपट्टीपर्यंतचा रांगत प्रवास, चढण आणि उतरण यांची ४० मिनिटं धरली की पावणेआठ तास. परतीला तेवढाच वारा मागून मिळतो, म्हणून साडेसहा-पावणेसात. वेळापत्रकात याहून थोडी जास्त वेळ दिसते. उशीर झाकायला कंपन्या ती मुद्दाम राखतात.

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची स्थानिक असते. लंडनहून सकाळी १० ला निघून न्यूयॉर्कला दुपारी १ ला पोहोचणं म्हणजे ३ तास नव्हे, त्यात ५ तासांचा फरक मिळवा: ८ तास. परतीला संध्याकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७ या १२ तासांतून ५ वजा करा: ७ तास. हा फरकही वर्षभर सारखा राहत नाही. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी; मधल्या काळात फरक ४ तासांचाच असतो. ऑक्टोबरअखेरही असाच एक आठवडा येतो.