स्क्रब बदलला, तरी प्लॅस्टिक न्हाणीघरातच: या चुका टाळा

स्क्रबसारख्या वस्तूंत प्लॅस्टिकचे बारीक कण असू शकतात. ते टाळताना होणारी पहिली चूक बाटलीची फक्त पुढची बाजू वाचण्याची. ‘नॅचरल’ आणि कडुनिंबाची पानं पुढे, खरा मजकूर मागे बारीक इंग्रजी अक्षरांत. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन-१२, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट ही प्लॅस्टिकची नावं फोनमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात ताडून पाहा. ‘पॉली’ दिसलं की प्लॅस्टिकच, असंही नाही. पॉलिसॉर्बेट हे तेल आणि पाणी एकत्र ठेवणारं द्रव्य आहे.

‘दाणेदार स्क्रब सोडला, सुटलो’ ही दुसरी चूक. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याने मायक्रोबीड्सना, म्हणजे प्लॅस्टिकच्या या बारीक दाण्यांना, बंदी केली ती फक्त धुऊन टाकायच्या वस्तूंत, टूथपेस्ट धरून. अंगावर राहणारी क्रीम, लिपस्टिक त्यातून सुटली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम कडक केले, तरी मेकअपला २०३५ पर्यंत मुदत दिली. म्हणून पावडर, नेलपॉलिश, चमकीचीही यादी वाचा.

अंग घासायची नायलॉनची जाळी मात्र कुणाच्या मनातही येत नाही! तीही झिजते आणि तिचे तंतू मोरीत जातात. तिच्या जागी घोसाळं घ्या. वेलीवरच तपकिरी, हलकं होऊ द्या, पाण्यात भिजवून साल काढा, बिया झटका आणि उन्हात वाळवा. कुंपणावरचं एखादं घोसाळं भाजीला न तोडता राखलं की झालं, मला तर यात फार आनंद वाटतो. ते ओलं कोपऱ्यात टाकू नका, बुरशी धरते. रोज वाऱ्यावर टांगा. काळपट झालं, वास आला की बदला.

बांबूचा ब्रश घेतलात? दांडा बांबूचा, केस बहुधा नायलॉनचेच. खतात टाकण्याआधी ते पकडीने उपटा. बऱ्याच ओल्या वाइप्समध्येही पॉलिएस्टर असतं; सुती फडकं पुरे.

स्क्रबऐवजी चेहऱ्याला मसुराचं पीठ लावताना लोक ते भरड घेतात आणि जोरात चोळतात, मग त्वचा लाल होते. पीठ वस्त्रगाळ करा, दुधात किंवा पाण्यात कालवून हलक्या हाताने लावा. लागेल तेवढंच कालवा, उरलेलं आंबतं. लिंबू पिळू नका, झोंबतं.

आणि घरात उरलेला जुना स्क्रब बेसिनमध्ये ओतू नका. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात प्लॅस्टिकचे बरेचसे कण अडतात, पण ते गाळात राहतात आणि तो गाळ शेतात जाऊ शकतो. झाकण घट्ट लावून बाटली सुक्या कचऱ्यात द्या.