आरएक्स १०० रेससाठी बांधताना: आधी सील, मग पोर्ट

रेसची गाडी म्हटलं की पोरं पहिल्यांदा पोर्टिंगचं, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धुराची भोकं (पोर्ट) कापून मोठी करण्याचं विचारतात. मी आधी सीलचं विचारतो. तीस-चाळीस वर्षं जुन्या टू-स्ट्रोकमध्ये चोरटी हवा कुठून आत शिरते ते बंद केल्याशिवाय ताकद वाढवलीत, तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये पकडणार हे ठरलेलं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो आणि गाड्या घरच्या सोप्यात बांधतो. इथं लिहितोय ते यामाहा आरएक्स १०० बद्दल: ९८ सीसी, बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, कंपनीची ताकद ११ अश्वशक्ती. चांगल्या अवस्थेतली, मूळ टाकी-साइलेन्सरची गाडी कृपा करून कापू नका. तशा आता फार उरल्या नाहीत. टाकी सडलेली, साइलेन्सर गेलेला, पण फ्रेम आणि क्रँककेस शाबूत अशी बघा. आरसी आणि चेसिस नंबर मात्र जुळलाच पाहिजे. आणि एकदा बांधली की ती रस्त्यावर काढायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि पन्हाळ्याचा घाट हा काही ट्रॅक नव्हे. गाडी टेम्पोत घालून न्या.

इंजिन उघडलं की क्रँकच्या (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची सील नवीन टाका, जुनी कितीही चांगली दिसली तरी. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो, म्हणजे निदान कळतं तरी. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं गेलं तर नुसती हवा ओढली जाते. धूर नाही, आवाज नाही, मिश्रण गुपचूप पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, तिथं जराही खेळ नको. आडवा थोडा चालतो. क्रँक प्रेस करून आणलीत तर लेथच्या दोन सेंटरवर धरून डायल गेज लावा, ०.०३ मिमीच्या आत फिरली पाहिजे.

बोअर मारायला जाताना नवीन पिस्टन सोबत न्या. आमच्याकडचे बोअरवाले मामा सिलिंडर हातात घ्यायच्या आधी विचारतात, "पिस्टन आणलंस काय? न्हाई? मग कुणाच्या मापानं मारू?" बरोबरच आहे त्यांचं. एकाच साइझच्या दोन पिस्टनमध्येसुद्धा फरक असतो. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये ०.०५ मिमीच्या आसपास गॅप ठेवायला सांगा, आणि घेताना बोअर वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजून घ्या.

आता स्क्विश, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांत उरणारी फट. पिस्टनच्या डोक्यावर सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसनं चिकटवा, पिस्टन पिनच्या रेषेत, दोन्ही कडांना. दुसरीकडे लावलेत तर पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. हेड आवळा, मॅग्नेटो हातानं एक फेरा फिरवा, हेड काढून दबलेली तार मोजा. ०.८ ते १ मिमी मिळायला हवं. जास्त असेल तर हेडचं बसायचं तोंड लेथवर घासून घ्या. सिलिंडरचं बूड कापायचा मोह होतो, पण त्यानं सगळे पोर्ट खाली सरकतात आणि टायमिंग बदलतं.

पोर्टिंगला क्रँकवर लावायची डिग्रीची चकती लागते, अंदाज चालत नाही. एक्झॉस्ट पोर्ट पिस्टन वरून खाली येताना किती अंशांवर उघडतो ते बघा. ९० अंशांवर उघडला, तर तो एकूण १८० अंश उघडा राहतो. वाढवायचा तर एका वेळी अर्धा मिमी, आणि परत मोजा. रुंदी बोअरच्या ६५ टक्क्यांपुढे नेऊ नका, म्हणजे इथं जेमतेम ३२ मिमी. त्यापुढे रिंग पोर्टात फुगते आणि अडकते. कापून झाल्यावर पोर्टच्या सगळ्या कडा बारीक एमरीनं मारा. बोट फिरवल्यावर नख अडकायला नको. या कामाला घाई नको, यावर रिंगचं आयुष्य आहे.

पोर्ट एकूण जितके अंश उघडा राहतो, त्यावरूनच रेसच्या एक्झॉस्ट पाइपची (मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळता) लांबी निघते. अंश गुणिले ४३१८०, भागिले जिथं ताकद हवी ते आरपीएम, की उत्तर मिमीत. १८० अंश आणि ९५०० आरपीएम धरलं तर ८१८ मिमी. हे अंतर पिस्टनच्या तोंडापासून मागच्या निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूच्या मध्यापर्यंत, पाइपच्या मधल्या रेषेवरून मोजायचं. आधी पुठ्ठ्याचे शंकू करून फ्रेमखाली बसवून बघा, मगच १ मिमी सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्रा कापा.

सगळं जोडल्यावर, पाइप आणि कार्बोरेटर लावायच्या आधी, एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करा आणि एका बुचातून हातपंपानं ६ पीएसआय हवा भरा. पंपाच्या गेजचा काटा ६ मिनिटं जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी सोडा: सील, बेस पॅकिंग, रीडचा (इनटेकच्या पातळ पडद्यांच्या व्हॉल्व्हचा) जोड, क्रँककेसचा सांधा. बुडबुडा सापडेपर्यंत गाडी चालू करायची नाही.

ब्रेक ड्रमचेच ठेवतो, पण चाक पूर्ण बांधून, स्पोक आवळूनच ड्रम लेथवर घेतो. स्पोकच्या ताणानं ड्रम किंचित अंडाकार होतो, म्हणून आधी केलेलं टर्निंग वाया जातं. स्टिअरिंगच्या बेअरिंगचे कोन आणि स्विंगआर्मचे बुश नवीन. हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, स्टँड काढा. ऑइल ड्रेनच्या बोल्टला भोक पाडून तार बांधा, तारेची ओढ बोल्ट आवळायच्या दिशेला हवी. किल स्विच अंगठ्याजवळ. रंगाचं तुमचं तुम्ही बघा.

ऑइल पंप काढून मी पेट्रोलमध्ये लिटरला ३३ मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळतो. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) पेट्रोल तेवढं कमी जातं, त्यामुळे प्रमाण बदललं की जेट पुन्हा बघायचा. पंपावरच्या ई-२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) मेन जेट जरा मोठाच लागतो, आणि ते पाणी ओढतं. रेस झाली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

जेट मोठ्यापासून सुरू करून एकेक पायरी खाली या. बंद ट्रॅकवर टॉप गिअरला फुल्ल थ्रॉटल, मग एकदम क्लच दाबून किल स्विच, आणि प्लग काढा. तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, तिथंच थांबा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथं बसलेला जेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर पातळ पडतो, कारण तिथली हवा दाट. चेन्नईला निघताना एक-दोन पायऱ्या मोठे जेट, चार प्लग आणि हेड गॅस्केट सोबत ठेवा, आणि पहिल्या सरावानंतर इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा बघा.